मेंढ्यांचे जंत : सगळ्या खांडाला औषध पाजायचं, की डोळे बघून निवडायचं?

माळरान_१२

रोहिणी लागायला आल्या की दर वर्षी हाच घोळ. दुकानदार म्हणतो सगळ्यांना पाजा. दवाखान्यात सांगतात पावसाच्या आधी, मध्ये आणि नंतर, असं वर्षातून तीनदा पाजा. आणि आता ऐकू येतं की सरसकट पाजण्यामुळेच औषधं बाद होत चालली आहेत.

चर्चा माण-खटाव, आटपाडी, जत, पारनेर, संगमनेर या पट्ट्यातल्या डोंगरउतारावर चरणाऱ्या दख्खनी आणि माडग्याळ मेंढ्यांपुरती ठेवूया. बंदिस्त शेळीपालन इथे नको.

समजा खांड (कळप) १२० चं आहे : ८० मेंढ्या, ३५ कोकरं, ३ मेंढे, २ शेरडं. श्रावणात कोकरं मरगळतात, दोन-चार मेंढ्यांच्या जबड्याखाली पाणी उतरतं, अल्बेंडाझोल पाजूनही फरक पडत नाही. काय करायचं आणि कोणत्या क्रमाने?

---

चौथं_पोट

आधी शत्रू कोण ते ठरवा. जबड्याखाली पाणी, पांढरे डोळे आणि हगवण नाही (उलट लेंड्या घट्टच), असं दिसलं तर पहिला संशय हिमोंकसवर. हा जंत मेंढीच्या चौथ्या पोटात राहतो. मादी दोन-तीन सेंटिमीटर लांब, तांबड्या-पांढऱ्या पिळाच्या दोऱ्यासारखी. तांबडं म्हणजे तिच्या आतड्यातलं मेंढीचं रक्त, पांढरं म्हणजे त्याभोवती गुंडाळलेली अंडनलिका.

एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलि रक्त घेतो. ऐकायला काहीच नाही. पण पोटात हजार जंत असले तर रोजचे ५० मिलि झाले, आणि २५ किलोच्या मेंढीत एकूण रक्तच पावणेदोन लिटरच्या आसपास असतं. एक मादी रोज ५ ते १० हजार अंडी टाकते. पावसाळी उबेत लेंडीतल्या अंड्यातून अळी निघून ती गवतावर चढण्याजोगी व्हायला ४ ते ७ दिवस लागतात. मेंढीनं ती खाल्ली की सुमारे ३ आठवड्यांत पुन्हा अंडी सुरू. म्हणजे मृगात सुरू झालेलं चक्र श्रावणापर्यंत दोन-तीन फेरे सहज मारतं. कोकरं श्रावणात कोसळतात ती या हिशोबाने.

हगवण जास्त असेल, पाठीचा कणा हाताला लागत असेल पण डोळे बऱ्यापैकी लाल असतील, तर ट्रायकोस्ट्राँगायलससारखे आतड्यातले जंत. आतड्यावर वाटाण्याएवढ्या गाठी खाटीक दाखवतो, तो इसोफॅगोस्टोमम. या दोघांना डोळ्यांवरून ओळखता येत नाही, हे शेवटपर्यंत ध्यानात ठेवा.

---

काठी_घोंगडं

डाक्टर, एक सांगा. वैशाखात समद्या खांडाला पाजलं की श्रावणापर्यंत बघायला लागत न्हाई. मग त्यात वाईट काय? दर वर्षी गुण येतोय की.

---

चौथं_पोट

गुण येतो हे खरं, आणि गोम तिथेच आहे.

एप्रिल-मेच्या उन्हात माळावर ना अंडं टिकतं ना अळी. गवत वाळलेलं, जमीन तापलेली. त्या दिवसांत जवळजवळ सगळे जंत मेंढीच्या पोटातच असतात. तुम्ही सगळ्यांना एकदम पाजता. शंभरातले ९७ मरतात. उरलेले ३ त्या औषधाला पुरून उरलेले. मृगाचा पाऊस पडला की माळावर पडणारी अंडी फक्त त्या तिघांची. त्यांच्यात मिसळायला दुसरं बीच शिल्लक नाही. असं पाच-सहा वर्षं केलं की बाटली तीच, माप तेच, पण गुण नाही.

म्हणून काही जंत मुद्दाम औषधाविना ठेवायचे. ज्यांना औषध लागलेलंच नाही असे जंत माळावर आणि काही मेंढ्यांच्या पोटात राहिले तर औषधाला दाद न देणारे त्यांच्यात विरळ होतात. बाहेरच्या देशांत याला 'रेफ्युजिया' म्हणतात, आपण 'राखीव बी' म्हणू.

वैशाखातला डोस बंद करा असं माझं म्हणणं नाही. कोकरं, पहिलटकरणी आणि हडकलेल्या मेंढ्या यांना द्या. अंगानं भरलेल्या, डोळे लाल असलेल्या पोक्त मेंढ्यांतल्या १०-१५ तरी तशाच सोडा. त्यांना काही होत नाही. खांडातल्या २०-३० टक्के जनावरांच्या पोटात ८० टक्क्यांच्या आसपास जंत असतात, बाकीची बहुतेक स्वतःच्या अंगच्या ताकदीवर तोलून असतात.

---

घाटपायथा

वरच्या मुद्द्याला एक पुरवणी. जे वाडे (मेंढपाळांचे फिरते तळ) दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि जेठात वर येतात, त्यांचा हिशोब वेगळा. त्यांच्या वाटेवर वळवाचे पाऊस मेअखेरीस पडून गेलेले असतात, घाटाच्या तोंडाला हिरवं फुटलेलं असतं. त्यांनी देशावर येऊन सरसकट पाजायचं आणि त्याच दिवशी नव्या कोवळ्या माळावर सोडायचं, हा सगळ्यात वाईट बेत. स्वच्छ माळावर फक्त चिवट जंतांची पेरणी होते. पाजायचंच असेल तर पाजून ३-४ दिवस जुन्याच चराईवर ठेवा, मग हलवा.

आणि कोकणात भातखाचरातल्या धसकटांवर चरलेल्या मेंढ्यांत यकृतातले चपटे जंत असणार. त्याचं वेगळं बघावं लागतं.

---

सूक्ष्मदर्शक

'अल्बेंडाझोल पाजूनही फरक नाही' याची कारणं चार असू शकतात, आणि चिवट जंत हे त्यातलं शेवटचं. आधी पहिली तीन तपासा.

पहिलं माप. २.५ टक्क्यांच्या अल्बेंडाझोलमध्ये १ मिलिला २५ मिग्रॅ औषध असतं. मेंढीला किलोला ७.५ मिग्रॅ धरलं तर ३० किलोच्या मेंढीला २२५ मिग्रॅ, म्हणजे ९ मिलि. नजरेनं वजन धरणारा माणूस हटकून कमी धरतो, कातरल्यानंतर तर हमखास. ताणकाटा आणि पोत्याची झोळी करून खांडातली सगळ्यात थोराड दहा जनावरं तोला. माप त्यांच्यातल्या सगळ्यात जड जनावरावरून ठरवा, सरासरीवरून नाही. कोकरांचा गट वेगळा, मेंढ्यांचा वेगळा.

दुसरं बाटली आणि पंप. हे औषध तळाशी बसतं. बाटली न हलवता पाजली तर पहिल्या वीस मेंढ्यांना पाणी आणि शेवटच्या वीसांना दुप्पट औषध. पाजण्याचा पंप १० मिलिवर लावून दहा वेळा मापात दाबा. १०० मिलि भरले पाहिजेत. ८५ भरले तर आतलं वायसर गेलंय. औषध पुरावं म्हणून त्यात पाणी घालणं हा प्रकार तर बंदच करा.

तिसरं पाजायची जागा. नळी गालाच्या बाजूने घालून जिभेच्या मागच्या भागावर औषध सोडायचं, म्हणजे ते मोठ्या पोटात उतरतं आणि तिथून हळूहळू झिरपत राहतं. तोंडात पुढेच सोडलं तर अन्ननलिकेची खाच मिटते, औषध थेट चौथ्या पोटात जातं आणि लवकर बाहेर पडतं. डोकं आडवंच धरा. मान वर ताणली की औषध फुप्फुसात जायचा धोका. आदल्या संध्याकाळपासून चारा तोडला (पाणी चालू), तर पांढऱ्या औषधांचा (अल्बेंडाझोलच्या गटाचा) आणि आयव्हरमेक्टिनचा गुण वाढतो. पण शेवटच्या महिन्यातल्या गाभण आणि अशक्त मेंढ्यांना उपाशी ठेवू नका.

हे तिन्ही नीट असूनही गुण नसेल, तर मग लेंड्या तपासा.

---

रानवाटा

लेंड्यांची तपासणी कशी करतात ते सविस्तर लिहाल का? 'लॅबला पाठवा' एवढं सगळे सांगतात, पण किती, कशात, कधी, हे कोणीच सांगत नाही.

---

सूक्ष्मदर्शक

लिहितो.

नमुना जमिनीवरचा नको. हातमोजा किंवा पातळ प्लास्टिकची पिशवी बोटांवर चढवून गुदद्वारातून ४-५ ग्रॅम, म्हणजे साधारण दहा-बारा लेंड्या काढा. पिशवी उलटी करून हवा दाबून काढा आणि गाठ मारा. हवा राहिली की अंडी उबतात, मग मोजायला काही उरत नाही. वर कानाचा बिल्ला नंबर किंवा खूण लिहा. थर्मासमध्ये बर्फाच्या पिशवीजवळ ठेवा, पण बर्फाला चिकटवून नको, गोठलेलं अंडं फुटतं. २४ तासांत पोहोचलं पाहिजे.

कुठे? तालुक्याचं लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय, पुण्यात औंधचा रोग अन्वेषण विभाग, किंवा शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर, परळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे परोपजीवीशास्त्र विभाग. आधी फोन करून 'एका ग्रॅममधली अंडी मोजून हवीत' असं स्पष्ट सांगा. नाहीतर नुसतं 'अंडी आढळली, दोन अधिक' असा कागद हातात येतो आणि त्याचा इथे उपयोग शून्य.

पद्धत अशी : १ लिटर पाण्यात ४०० ग्रॅम मीठ घालून उकळायचं. गार झाल्यावर तळाशी थोडं मीठ बसलेलं दिसलं पाहिजे, म्हणजे पाणी पुरतं खारं झालं. २ ग्रॅम लेंडी २८ मिलि खाऱ्या पाण्यात कुस्करायची, चहाच्या गाळणीनं गाळायची, लगेच मॅकमास्टर काचेच्या (सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची, चौकटी आखलेली काच) दोन्ही कप्प्यांत भरायची. ५ मिनिटं थांबायचं, अंडी वर तरंगतात. दोन्ही कप्प्यांच्या चौकटींतली मिळून जी संख्या येईल तिला ५० ने गुणायचं. २४ अंडी दिसली तर ग्रॅमला १,२००.

औषध चालतं का हे पाहायला त्याच १०-१५ जनावरांची अंडी दोनदा मोजा : पाजायच्या दिवशी आणि १४ दिवसांनी. (लेव्हामिसोलला ७ ते १० दिवसांनी, कारण त्यातून सुटलेल्या पोरसवदा अळ्या १४ दिवसांत वयात येऊन अंडी देऊ लागतात आणि चांगलं औषधही नापास ठरतं.) पहिल्या मोजणीत सरासरी १,२०० आणि दुसऱ्या मोजणीत ३०० आली, तर घट ७५ टक्के. ९५ च्या खाली आली की त्या खांडात ते औषध डळमळलं म्हणायचं. पहिली सरासरी २०० च्याही खाली असेल तर चाचणी करण्यात अर्थ नाही, पावसाळ्यातच करा.

---

माळरान_१२

वाचनखूण साठवली. आता डोळ्यांचं. तक्ता मिळतो म्हणतात तो हाच का, पाच रंगांचा?

---

चौथं_पोट

हो. 'फामाचा' नावाचा तक्ता. दक्षिण आफ्रिकेत हिमोंकसनं असाच कहर केला होता आणि औषधं पाठोपाठ निकामी झाली होती. तिथल्या फाफा मलान या पशुवैद्यांच्या नावावरून तक्त्याचं नाव पडलं.

पाच रंग : १ लाल, २ तांबूस-गुलाबी, ३ गुलाबी, ४ फिका गुलाबी, ५ पांढरा. १ म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण २८ टक्के किंवा जास्त, ३ म्हणजे १८ ते २२, ५ म्हणजे १२ किंवा खाली. ४ आणि ५ ला पाजायचंच. ३ आला तर कोकरू, गाभण आणि ओली (अंगावर पाजणारी) मेंढी यांना पाजा, पोक्त धडधाकट मेंढीला सोडा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बघा.

बघायची रीत महत्त्वाची. मेंढी उन्हात आणा, झाडाच्या किंवा ताडपत्रीच्या सावलीत रंग खोटा दिसतो. एका अंगठ्यानं वरची पापणी मिटवा आणि पापणीवरूनच बुबुळ हलकं आत दाबा. दुसऱ्या अंगठ्यानं खालची पापणी खाली ओढा. आतलं अस्तर टपकन बाहेर येतं. त्या अस्तराचा, त्यातल्या सगळ्यात लाल भागाचा रंग तक्त्याशी लावा, आणि सेकंदभरात ठरवा. जास्त वेळ पापणी धरून ठेवली की अस्तर उगाच लाल होत जातं. कोपऱ्यातली तिसरी पापणी किंवा डोळ्याचा पांढरा भाग बघायचा नाही. दोन्ही डोळे बघा, वेगळे आले तर फिका आकडा धरा. २ की ३ असा पेच पडला तर ३.

मोबाइलवरच्या फोटोशी लावू नका, प्रत्येक पडद्याचा रंग निराळा. छापील तक्ताच हवा, तोही उन्हात विटतो, म्हणून एक प्रत पेटीत राखून ठेवा आणि अधूनमधून ताडून बघा.

---

काठी_घोंगडं

वाघरीच्या (मेंढरं कोंडायच्या जाळीच्या) तोंडाशी दोघं बसली, एकानं धरायची एकानं बघायची, तर शंभर मेंढरं तास-सव्वा तासात निघत्यात. कोकरं आधी काढावी, न्हाईतर आईमागं पळत्यात आन गर्दी होती. पाजलेल्या मेंढराला पाठीवर रंगाचा ठिपका. दुसऱ्या खेपेला पाजलं तर दुसरा ठिपका, त्याच्या शेजारी. हंगामात तीन ठिपके झालेलं मेंढरू बाजार दाखवायचं.

पर डोळं लाल असून मेंढरू खंगतंय, त्याचं काय?

---

चौथं_पोट

तीन ठिपक्यांचा हिशोब एकदम चोख. कुठल्याही वहीपेक्षा टिकाऊ.

लाल डोळे आणि खंगणं यासाठी डोळ्यांच्या जोडीला चार जागा बघायच्या : जबड्याखाली पाणी, पाठीच्या कण्यावर मास, शेपटीभोवती हगवणीची घाण, नाकातून शेंबूड. पाचवी जागा नाकातल्या माशीच्या अळीसाठी. त्या मेंढ्या शिंकतात, डोकं झटकतात, दुपारी एकमेकींच्या पोटाखाली नाक घालून उभ्या राहतात.

उलटंही लक्षात घ्या. डोळा पांढरा म्हणजे हिमोंकसच असं नाही. चपटे जंत, गोचीड, गोचीडतापाचे रक्तातले जंतू, नुसती उपासमार, यांनीही पांढरा होतो. आणि धुळीनं किंवा डोळे आल्यानं लाल झालेला डोळा आतली कमतरता झाकतो.

किती दिवसांनी बघायचं? मृगापासून हस्तापर्यंत दर १०-१४ दिवसांनी. दिवाळीपर्यंत ३ आठवड्यांनी. हिवाळा-उन्हाळ्यात महिन्या-दीड महिन्याने पुरे. एखाद्या खेपेला १० टक्क्यांहून जास्त मेंढ्या ४-५ मध्ये आल्या तर पुढची पाहणी आठवड्यात, ३ वाल्यांनाही औषध, आणि चराई बदला.

---

शेरडी_वेल्हाळ

+१. फक्त त्या २ शेरडांना विसरू नका. मेंढी-शेळीचे जंत एकच, पण शेळीचं यकृत औषध लवकर फोडतं. मेंढीच्या मापानं पाजलं तर शेळीला कायम कमी पडतं आणि खांडातले चिवट जंत तिच्याच पोटात घडतात. अल्बेंडाझोल शेळीला मेंढीच्या दुप्पट, आयव्हरमेक्टिन तोंडावाटे दीड ते दुप्पट, लेव्हामिसोल किलोला १२ मिग्रॅपर्यंत. लेव्हामिसोलची दुप्पट मात्र कधीच नको, लाळ गळते, थरथर सुटते, जनावर दगावतं.

---

घाटपायथा

अल्बेंडाझोल गेलं असेल तर पुढे काय, हे कोणीतरी नीट लिहा. दुकानात नाव बदलून तेच औषध हातात ठेवतात.

---

चौथं_पोट

नाव नाही, गट बघायचा. बाटलीवर बारीक अक्षरांत आतलं औषध लिहिलेलं असतं.

एक : अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल. एकाच घरचे. एक नापास झालं की दुसऱ्याची आशा धरू नका. अल्बेंडाझोल मेंढे सोडल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात मेंढीला देऊ नये, गर्भात व्यंग येतं.

दोन : लेव्हामिसोल, किलोला ७.५ मिग्रॅ. काम झपाट्यानं करतं, पण जास्त झालं की विषारी.

तीन : आयव्हरमेक्टिन, किलोला ०.२ मिग्रॅ. १ टक्क्याचं इंजेक्शन कातडीखाली ५० किलोला १ मिलि, म्हणजे २५ किलोच्या मेंढीला अर्धा. इथे एक गफलत सर्रास होते : खरजेसाठी, गोचिडांसाठी, नाकातल्या अळीसाठी हेच टोचलं जातं. ते प्रत्येक वेळी जंतांनाही लागतं. वहीत 'खरूज' लिहिलं तरी जंतांच्या दृष्टीने तो डोसच.

चार : क्लोझँटेल, रॅफॉक्झॅनाइड. फक्त रक्त पिणारे जंत आणि चपटे जंत मारतात, आतड्यातल्या बाकीच्यांना हात लावत नाहीत. हिमोंकससाठी यांची मोठी गंमत म्हणजे औषध रक्तात काही आठवडे राहतं, नवीन आलेला जंतही रक्ताबरोबर ते पितो. पण मापाची चूक इथे जिवावर नाही तरी डोळ्यावर बेतते. क्लोझँटेल १५ टक्क्यांचं असेल तर किलोला १० मिग्रॅ या मापानं ३० किलोच्या मेंढीला फक्त २ मिलि. पंपातून १ मिलि जास्त गेलं की दीडपट झालं. जास्त झालेल्या मेंढ्या आंधळ्या होतात आणि ती नजर परत येत नाही. हे औषध पंपानं नको, ५ मिलिच्या सिरिंजनं, सुई काढून, एकेकीला.

दर वेळी गट बदलत राहायची जुनी शिकवण आता तितकीशी पटत नाही. चारही गट एकेक करून सगळे बिघडवण्याचा तो रस्ता ठरतो. मोजणीत जे चाललं ते वापरा, थोड्याच जनावरांत वापरा, आणि वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा मोजा. दोन गट एकाच दिवशी द्यायचे असतील तर दोन्ही पूर्ण मापात, वेगवेगळ्या सिरिंजनं. एका बाटलीत मिसळायचं नाही.

---

रानवाटा

झाडपाल्याचं? पळसाच्या बिया, कडुनिंब, आणि काही ठिकाणी मोरचूदाचं पाणी पाजतात.

---

सूक्ष्मदर्शक

मोरचूद नको. एकदम नको. मेंढी तांबं यकृतात साठवत जाते, वरून काही दिसत नाही, आणि एखाद्या ताणाच्या दिवशी ते रक्तात सुटतं. लघवी काळपट लाल, डोळे पिवळे, एक-दोन दिवसांत खेळ आटोपतो. शेळीला जे पचतं ते मेंढीला पचत नाही.

पळसबी आणि निंबाचा काही परिणाम जंतांवर होतो, पण मात्रा धड ठरलेली नाही. ५ नंबरच्या डोळ्यावर निंबाचा पाला म्हणजे घर जळताना तांब्यानं पाणी. त्याऐवजी बाभळीच्या शेंगा, हिवर, बोर, खैर यांची ओरपणी वाढवा. एक तर त्यांतल्या तुरट अंशामुळे जंतांची अंडी कमी होतात, दुसरं म्हणजे गुडघ्याच्या वरच्या पाल्यावर अळी पोहोचतच नाही.

---

घाटपायथा

चराईवर कोणी बोललंच नाही अजून, आणि माझ्या मते निम्मा इलाज तिथेच आहे.

जंताची अळी बहुतेक गवताच्या खालच्या ५ सेंटिमीटरमध्ये असते. माळ बोडका होईस्तोवर चारला की प्रत्येक घासात अळी. दव असताना ती पात्यावर वर येते, म्हणून दव उतरल्यावर सोडायची जुनी रीत बरोबरच आहे. पण पावसाळ्यात गवत दिवसभर ओलं, तेव्हा नुसत्या त्यावर विसंबू नये.

खरी गोष्ट वाड्याची. रोज-दोन रोजाला वाडा हलतो तेव्हा मेंढी आपल्या लेंडीपासून पळत असते : अंड्याची अळी व्हायला ४ दिवस, तोवर खांड दुसऱ्या शिवारात. वावरात वाडा बसवणं हे शेतकऱ्याला खत आणि मेंढीला जंतांपासून सुटका, दोन्ही होतं. अडचण येते ती पावसाळ्याचे चार महिने, जेव्हा देशावर एकाच डोंगराभोवती वाडा पडून राहतो, त्यातून कुठे वनखात्याची लागवड, कुठे तारेचं कुंपण, आणि चरायला उरतो एकच उतार. तेवढ्या काळात निदान वाघर दर दोन-तीन दिवसांनी ५०-१०० पावलं वर सरकवा, जुन्या जागेभोवतालचं हिरवंगार गवत मेंढ्यांना दोन महिने तरी दाखवू नका (तेच सगळ्यात लुसलुशीत असतं आणि तिथेच त्या धावतात), आणि पाण्याच्या कुंडाभोवतीचा चिखल मुरुमानं भरून काढा.

बाजरीची, मुगाची, मटकीची काढणी झालेली वावरं म्हणजे जवळजवळ बिनजंताची चराई. ती आधी कोकरांना आणि विलेल्या मेंढ्यांना द्या, उरलेलं मेंढ्यांना. गाई-बैल चरलेला माळही चालतो, मेंढीचा हिमोंकस गाईत फारसा टिकत नाही. शेळ्या चरलेला मात्र चालत नाही.

---

माळरान_१२

हे पटलं. आणि कोकरं? पहिला डोस कधी?

---

चौथं_पोट

कोकरू तीन-चार आठवड्यांचं झालं की गवत तोंडात घेतं, जंत वयात यायला आणखी ३ आठवडे. म्हणून दीड-दोन महिन्यांपासून डोळे बघायला लागा, त्याआधी जंतांचं औषध नको. ३ ते ८ आठवड्यांच्या कोकराला पातळ, कधी रक्ताची हगवण लागली तर बहुतेक वेळा ती कॉक्सिडिया या सूक्ष्म परजीवीची, ओल्या वाड्याची भेट. तिच्यावर अल्बेंडाझोलचा काडीचा उपयोग नाही. वाडा कोरडा करा आणि डॉक्टरांकडून वेगळं औषध घ्या. लेंडीत तांदळासारखे पांढरे तुकडे दिसले तर फीतकृमी. ते दिसायला भयंकर, नुकसान त्या मानानं थोडं. खूपच असतील तर प्राझिक्वांटेल.

मेंढी विण्याच्या दोन आठवडे आधीपासून विल्यानंतर दीड-दोन महिने तिची जंतांशी लढायची ताकद ढिली पडते आणि तिच्या लेंडीतून अंड्यांचा पूर येतो. कोकराच्या पोटातले पहिले जंत बहुधा आईच्याच लेंडीतले. त्या मेंढ्यांना गाभणपणाचे शेवटचे ६ आठवडे रोज १५०-२०० ग्रॅम पेंड-भरड्याचा खुराक दिला तर अंडी कमी होतात. जुळी असतील तर हे जास्तच लागू. खुराकाचा खर्च औषधात धरा, खाद्यात नको.

---

सूक्ष्मदर्शक

मेंढा निवडतानाही बघा. आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातली गरोळ मेंढी दख्खनीशी जुळवली. 'नारी सुवर्णा'चं जुळ्यांचं जनुक तिथूनच आलं. त्या कामात गरोळचं रक्त असलेल्या कोकरांत जंतांची अंडी कमी आढळली, पण वाढीला ती छोटी. म्हणजे जंतांना तोंड देण्याची ताकद रक्तातून उतरते. संकर न करताही हे साधतं : पावसाळाभर औषधाशिवाय १-२ वर राहिलेल्या मेंढीचा गोऱ्हा ठेवा, नुसता उंच आणि लांब कानाचा म्हणून नको.

---

काठी_घोंगडं

मेंढीच्या पोराला गोऱ्हा न्हाई म्हणत सायेब, गोऱ्हा गाईचा. 😀 बाकी बराबर.

---

सूक्ष्मदर्शक

चूक कबूल, नर कोकरू. 🙏

---

रानवाटा

मेलेल्या मेंढीवरून खात्री करता येते का?

---

चौथं_पोट

येते, पण मेल्यावर तास-दोन तासांत, नंतर जंत गळून पडतात. हातमोजे घाला. मेंढी एकाएकी फुगून मेली असेल किंवा नाकातोंडातून न गोठणारं काळं रक्त येत असेल तर चाकू लावूच नका, काळपुळीचा संशय, डॉक्टरांना बोलवा.

चौथं पोट दोन्ही टोकांना दोरा बांधून कापून काढा. मोठ्या बाजूने उभं चिरा. ताजं असेल तर अस्तरावर तांबडे दोरे हलताना दिसतात, आणि जिथून सुटले तिथे टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके. आतलं सगळं बादलीत धुऊन २ लिटर करा, ढवळत ढवळत २०० मिलि काढा, पांढऱ्या ताटात पसरून जंत मोजा, १० ने गुणा. हजाराच्या पुढे गेलं तर कारण मिळालं. त्याच वेळी यकृत चिरून पित्तनळ्या दाबा. पानासारखे चपटे जंत निघाले तर धरणाच्या फुगवट्याची, कालव्याच्या काठाची किंवा भातखाचराची चराई त्याला कारण, कारण त्यांची गोगलगाय तिथे असते. ऑक्सिक्लोझॅनाइड (किलोला १५ मिग्रॅ) फक्त मोठे झालेले चपटे जंत मारतं, ट्रायक्लाबेंडाझोल (१० मिग्रॅ) लहान-मोठे दोन्ही.

आणि डोकं कुत्र्याला टाकू नका. एकाच बाजूला गरगर फिरणारी मेंढी असते ना, तिच्या मेंदूतला पाण्याचा फोड कुत्र्यानं खाल्ला की त्याच्या आतड्यात फीतकृमी, त्याच्या विष्ठेतून पुन्हा मेंढीला. वाड्यावरच्या कुत्र्यांना दर ३ महिन्यांनी प्राझिक्वांटेल, किलोला ५ मिग्रॅ.

---

माळरान_१२

शेवटचा प्रश्न. बाजारातून नवीन मेंढ्या आणल्या तर? त्या कोणती औषधं पचवून आल्यात हे विकणारा सांगत नाही.

---

घाटपायथा

दोन वेगळ्या गटांची औषधं पूर्ण मापात त्याच दिवशी. दोन दिवस कोरड्या मुरमाड जागेत बांधून वैरण द्या, तिथल्या लेंड्या गोळा करून उकिरड्यात खोल पुरा. मग सोडताना स्वच्छ वावरात नाही, खांडाच्या नेहमीच्याच माळावर सोडा, म्हणजे त्यांच्या पोटात काही वाचलं असेल तर ते तुमच्या जंतांत मिसळून विरळ होईल. १४ दिवसांनी त्यांच्या लेंड्या मोजून घ्या. कळपात मिसळण्याआधी पाठीवर वेगळ्या रंगाची खूण, तीन महिने पुसायची नाही.

---

काठी_घोंगडं

निळा रंग घ्या. तांबडा पाजलेल्याला हाय.